बोला, पोरींनो!

“बोला! तोंडं शिवलीत का तुमची?” कोच ओरडले आणि त्यांचा बसलेला आवाज आणखी खाली बसला.

पोरी बास्केटखाली ढिम्म उभ्या. समोरच्या टीमची बॉल घेऊन घुसली की आपल्या पाठच्या खेळाडूने ओरडायचं, ‘मागे मी आहे!’ म्हणजे आपली पुढची बिनघोर भिडते. एवढंच वाक्य. ते पोरींच्या गळी उतरवता उतरवता कोचच्या डोक्यावरचे केस उतरले. त्यांच्या ओरडण्याने म्हणे रस्त्यावरचे सायकलवाले ब्रेक दाबत. पोरी मात्र मख्ख. त्यातही एक, जिला सगळे घुमीच म्हणत. उंची अशी की छताची कोळिष्टकं हाताने काढावीत, आणि तोंडातून हूं की चूं नाही.

“अगं, कोर्टवर गप्प राहिलीस तर बाहेर काय बोलणार तू? जन्मभर दुसऱ्यांनीच ठरवायचं का तुझं?”

घुमीने बुटाची नाडी बांधली. सुटली नव्हती, तरी.

कोचनी शिट्टी खिशात टाकली. ते थकले होते. पोरींपेक्षा स्वतःच्याच आवाजाने जास्त. आजचा सराव शेवटचा, हे सांगायचंही त्यांच्या जिवावर आलं. क्लबच्या सेक्रेटरींना संध्याकाळी याच हॉलमध्ये बॅडमिंटन खेळायची हुक्की आली होती. मुलींनी सकाळी यावं म्हणे. सकाळी पोरी शाळेत. म्हणजे टीमचा कारभार आटोपलाच. हॉलची किल्ली आणून द्या, असा निरोप होता.

“तिथे छप्पर उडवता,” बायको सकाळीच म्हणाली होती, “आणि त्या माणसापुढे गेलात की जीभ काय खुंटीला टांगता?”

क्लबच्या ऑफिसचा जिना चढताना गुडघे कुरकुरले. सेक्रेटरी खुर्चीत बसूनच नवी रॅकेट हवेत फिरवत होते.

“या, कोच! डॉक्टर म्हणतात, घाम गाळा. आता डॉक्टरांपुढे आपलं काय चालतं? तुमची हरकत नाही ना?”

कोचनी तोंड उघडलं. जिन्यात जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे पळाली.

“नाही... म्हणजे...”

“वा! म्हणून तर तुम्ही मला आवडता. वाद नाही, कटकट नाही.” सेक्रेटरींनी हात पुढे केला.

कोचनी खिसा चाचपला. आधी शिट्टी हाताला लागली, मग किल्ली. त्यांनी किल्ली काढली.

दारात बूट करकरले. बॉलची जाळी खांद्यावर घेऊन घुमी उभी होती. बॉल आत ठेवायचे राहिले आणि हॉलला कुलूप लागलं, म्हणून किल्लीसाठी मागोमाग आलेली. तिने पुढे आलेला तो हात पाहिला. कोचचा चेहरा पाहिला. तिचा आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता. निघाला तो घोगरा, थेट कोचसारखा.

“मागे मी आहे, सर. बोला!”