वळवलेलं वादळ

वादळाची काळी सोंड वेशीपर्यंत आली आणि गावच्या वादळयंत्राने ती वळवली, तेव्हा केतकीने दहा दिवसांच्या लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"कुणी घेतलं गं आपलं वादळ?" सासूबाई म्हणाल्या. वादळ विरवता येत नसे, नुसतं वळवता येई. तेही दुसऱ्या गावाने 'आम्ही घेतो' म्हटलं तरच.

संध्याकाळी माहेरून भाऊ निवास आला. त्याच्या केसांत माती होती.

"आपल्या गावानं घेतलं, ताई. सभेत आईच पहिली उठली. म्हणाली, घरं काय, परत बांधू. तिकडं माझी लेक बाळंतीण आहे. मग सगळे तळघरात उतरलो."

"आणि आई?"

"उतरली होती गं तीही. तुझे डिंकाचे लाडू वरच राहिले म्हणाली. आत्ता आणते म्हणाली..."

त्याने चेपलेला डबा पुढे केला. झाकण निघेना, सासूबाईंनी उलथन्याने उचकटलं. आत एकही लाडू फुटला नव्हता.

भुकेनं बाळ रडू लागलं.

"खा, पोरी," सासूबाई डोळे पुशीत म्हणाल्या. "तिला दूध हवंय."

केतकीने लाडू उचलला आणि रडत रडत सगळा खाल्ला.