आवळलेला ब्रेक

"आई, हर्षदाकडून एटीव्ही काढून घे. तिच्या हातात गाडी रोज अडते, पर्यटक हसतात," थोरल्यानं आठवडाभर हेच दळण लावलं होतं. धाकटा भाऊ वारल्यापासून त्याची बायको हर्षदा किनाऱ्यावर पर्यटकांना घेऊन ती जाड चाकांची वाळूतली गाडी फिरवत होती, तेच थोरल्याला सलत होतं.

शेवटी त्याच्या आईनं, मथुराबाईंनी, पदर खोचला. गाडीची मागची बाजू ठोकळ्यावर चढवून चाकाला हात घातला. चाक जोर लावूनही जेमतेमच हललं.

"खाऱ्या पाण्यानं ब्रेक धरला असणार," थोरला म्हणाला.

मथुराबाई वाकल्या. ब्रेकच्या गंजक्या सळईवरचा नट आत सरकला होता आणि त्याच्या जुन्या जागेवरचे आटे लख्ख चमकत होते. खारं पाणी नट पिळत नाही. त्यांनी तो सैल केला, तसं चाक गरागरा फिरलं.

"भावोजी, तुम्ही?" शेजारी उभ्या हर्षदाच्या तोंडून निघालं.

"जोरात पळवते, म्हणून जरासा आवळला," थोरला पुटपुटला. "बाईमाणूस, उद्या पडलीबिडली तर?"

"पडली तर उठेल. मी नाही उठले, तुझा बाप गेल्यावर?" मथुराबाई कडाडल्या. "चावी तिच्याकडेच राहणार. तू उद्यापासून रस्त्यावर उभा राहून गिऱ्हाइकं बोलाव. तोंड मोठं आहेच तुझं."