पूर्ण नाव

उत्तमरावांनी पेपरच्या दहा प्रती कॉटवर ठेवल्या आणि फरहादच्या पाठीवर थाप मारली. "घे बाप्पा. पहिल्या पानावर आला तू. फोटोसहित."

काबूलचं सरकार पडून तीन दिवस झाले होते. जगभरच्या पेपरांनी पानंच्या पानं भरली, पण अकोल्याच्या पेपराला अकोल्याचा माणूस लागतो. तो उत्तमरावांनी शोधून काढला. शेतकी शिकायला आलेला आणि बेबीताईंच्या माडीवर भाड्यानं राहणारा हा अफगाण पोरगा. पोरानं काल मन मोकळं केलं. तीस वर्षांच्या शिरस्त्यानं उत्तमरावांनी बातमीत त्याचं पूर्ण नाव, बापाचं नाव, हुद्दा, गाव, सगळं घातलं. आपल्याकडे नाव गाळलं तर माणूस ऑफिसात भांडायला येतो आणि छापलं तर पेढे घेऊन येतो. पेढ्यांची थोडी आशा आजही होतीच.

फरहाद तीन वर्षांत वऱ्हाडी बोलायला शिकला होता, वाचायला नाही. "काय लिवलं, काका?"

उत्तमरावांनी मथळा खणखणीत वाचला. "पोलीस अधिकारी वडील मामाच्या गावी सुखरूप!" मग बोट खाली नेलं. "हे पाय, गावाचं नावही टाकलं."

फरहादचा चेहरा उतरला. "गाव कावून टाकलं?"

"कावून म्हणजे? बातमीत गाव पायजेच."

फरहादनं मोबाइल पुढे केला. परदेशी पेपरातली बातमी होती, त्याच्या बापासारख्याच एका अधिकाऱ्याची. चेहरा पुसट केलेला, नाव बदललेलं, गावाचा पत्ता नाही. हेच पान परवा ऑफिसात पाहून उत्तमराव हसले होते. नाव नाही, गाव नाही, ही काय बातमी झाली, असं म्हणाले होते.

"ते लोक घरोघरी अब्बाले शोधून राहिले," फरहाद म्हणाला. "तुमाले घरचं समजून सांगतलं मी."

"पण आपला मराठी पेपर तिकडं कोण वाचते?"

"फोन वाचून देते, काका. कोणत्याही भाषेत."

सकाळी सहालाच उत्तमरावांनी बातमी फेसबुकवर टाकली होती, कौतुकानं फरहादला टॅगही करून. त्यांनी घाईघाईनं ती काढली. तोवर दोनशेवर लोकांनी पुढे पाठवली होती, त्यात कितीतरी नावं त्यांना उच्चारताही येईनात. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

फरहाद बापाला फोन लावत होता. घंटी जात होती, उचलत कोणी नव्हतं.

बेबीताई चहा घेऊन वर आल्या. फरहादनं फोन कानाला धरूनच एक कप उचलला आणि उत्तमरावांच्या हातात दिला. पाहुणे होते ना ते. चहा पिववेना आणि ठेवताही येईना. पोरगा चिडला असता, हाकलून दिलं असतं, तर बरं वाटलं असतं त्यांना.

शेवटी त्यांनी कप तसाच खिडकीत ठेवून संपादकांना, महादेवरावांना फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं.

"चुकलंच आपलं," महादेवराव म्हणाले. "इंटरनेटवरून आत्ता काढतो. अन् उद्या पहिल्या पानावर दिलगिरी छापू, मोठ्या चौकटीत. सांगा, लिहून घेतो. पोराचं पूर्ण नाव, बापाचं नाव, अन् ते गाव."

उत्तमरावांनी फरहादकडे पाहिलं. तो पाठमोरा उभा राहून पुन्हा नंबर लावत होता.

"उत्तमराव, नाव सांगता ना?"

"नाही," उत्तमराव म्हणाले. "मले त्याचं नाव माहीत नाही."