मऊ लेपाची तबकडी

जयावहिनींनी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली गाण्याची तबकडी सोडवून टेबलावर ठेवली, तेव्हा दौलतने आधी हात धुण्यासाठी साबण मागितला. शोकाच्या घरी येऊन पहिल्याप्रथम साबण मागणे त्याचे त्यालाच बरे वाटले नाही. परंतु निम्मे आयुष्य जिची वाट पाहिली, तिला प्रवासाचे हात लावणे त्याहून वाईट होते.

“ह्यांचंही असंच,” वहिनी म्हणाल्या. “जेवायला बसताना हात धुवा म्हणून सांगावं लागायचं. ह्या काळ्या ताटल्यांना मात्र दोनदा धुऊन शिवायचे.”

परशुरामाला जाऊन महिना झाला होता. दौलत तेराव्यालाही आला नव्हता. वर्तकनगरहून डोंबिवली काही परदेशात नाही. पण सहा वर्षांचा अबोला केवळ एका माणसाच्या मरणाने मोडत नाही, असे त्याने स्वतःला पटवले होते. शेवटी वहिनींचाच फोन आला. तुमची म्हणून एक वस्तू राखून ठेवली आहे, घेऊन जा.

दोघांची मैत्री जडली ती जमैकाच्या रेगे संगीतावर. परशुराम मालवाहू जहाजांवर वीजतंत्री होता. तिथल्या बंदरातून तो जुन्या तबकड्या आणी. दौलत त्या धुऊन, पुसून, संगणकात उतरवून जगभरच्या शौकिनांना विनामूल्य पाठवी. त्यातही जीव अडकला होता तो डबवर. गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकायचा, ड्रम आणि बास गिटार तेवढे ठेवायचे, आणि मधूनच एखादा सुटा शब्द प्रतिध्वनीत विरघळू द्यायचा, असा तो प्रकार. माणूस निघून गेल्यावर त्याचे घर असे ऐकू येते, असे दौलत म्हणे. मात्र स्वतः ऐकताना त्याला कॉपी चालत नसे. वाटायच्या त्या कॉप्या, ऐकायची ती मूळ, हा त्याचा सिद्धांत. पाठमोरे बसवले तरी सुई टेकल्याचा खुट्ट आवाज आणि त्यामागचे दोन क्षण ऐकून तो सांगे, “ही कॉपी आहे, बंद कर.” परशुरामाने त्याला कितीदा फसवून पाहिले, एकदाही साधले नाही.

समोरची तबकडी साऱ्यांहून निराळी होती. किंग्स्टनच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओत केवळ चाचणीसाठी कोरलेली, जगात एकच. तिच्यावरचा लेप इतका मऊ, की सुई प्रत्येक खेपेला थोडा आवाज खरवडून नेते. म्हणून अशी तबकडी एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी उतरवून घ्यायची, हा शौकिनांचा दंडक. परशुरामाने तिला सुई लावलीच नव्हती. “तुझ्या साठीला वाजवू,” तो म्हणे. “तोवर जग, दौल्या.”

साठीच्या आधीच दौलतला मेंदूज्वर झाला. खोपटच्या एका दवाखान्यात तो कित्येक आठवडे बेशुद्ध होता. मागेपुढे कोणी नसलेल्या त्या माणसाच्या उशाशी परशुराम रोज येऊन बसत असे, हे दौलतने कधी नाकारले नाही. तो प्रश्न वेगळा आणि तबकडीचा वेगळा, एवढेच त्याचे म्हणणे होते.

आजारातून उठल्यापासून त्याला एक नाद लागला. बासची एक संथ ओळ तो सारखी गुणगुणे. चार स्वर चढत जाणारी आणि पाचव्यावर कचरल्यासारखी थांबणारी. कोणत्या तबकडीतली, ते आठवेना. गुणगुणून ध्वनिमुद्रित करून त्याने ती देशोदेशीच्या जाणकारांना पाठवली. कोणालाही ओळखता आली नाही. ही तुमची तापातली रचना असेल, असे एकाने लिहिले, तर त्याच्याशी दौलतने पंधरवडाभर वाद घातला. परशुरामाला ऐकवली, तेव्हा तो मधूनच पाणी प्यायला उठला होता.

साठीच्या दिवशी परशुराम रिकाम्या हातांनी आला. म्हणाला, “ती आता ऐकण्यासारखी राहिली नाही.”

म्हणजे वाजवली. दौलतने कारण विचारले. परशुरामाने नुसती मान हलवली. निदान उतरवून तरी घेतलीस का, असे विचारले. त्यालाही मान नकारार्थीच हलली.

“मग तू चोर आहेस,” दौलत शांतपणे म्हणाला. “माझा एकट्याचा नव्हे, सगळ्यांचा.”

परशुरामाने चपला घातल्या आणि तो निघून गेला. तेच त्यांचे शेवटचे बोलणे.

दौलतने तबकडी खिडकीपाशी नेली. काळीभोर चमकायला हवी ती राखेसारखी करडी दिसत होती. ही चुकून एकदोनदा वाजवलेली नव्हती. ही मरेपर्यंत वाजवलेली होती.

“ह्यानं ही संपवली, वहिनी.”

“हो,” त्या म्हणाल्या. “त्या पेटीवर.”

कोपऱ्यात परशुरामाचा जुना पेटीप्लेअर होता, उचलून न्यायच्या तुटलेल्या कडीच्या जागी सुतळी बांधलेला. त्याची सुई जड. असल्या लेपाला ती म्हणजे कानसच. घरात उत्तम प्लेअर असताना ह्याने ही पेटी का वापरली? दौलतला वाटले, ह्याला आळस म्हणावे की तुच्छता. वहिनी चहा टाकायला आत गेल्या.

तरीही उरलेसुरले जगाला द्यायचे म्हणून त्याने चांगल्या प्लेअरला ध्वनिमुद्रणयंत्र जोडले आणि तबकडीवर सुई टेकवली. नुसती खरखर. ट्रम्पेट गेले होते, झांजा गेल्या होत्या, प्रतिध्वनीतला शब्दही झिजून गेला होता. मग तळातून बास आला. सर्वांत शेवटी झिजतो तो बासच.

चार स्वर चढत गेले. पाचव्यावर ती ओळ कचरून थांबली. पुढच्या फेऱ्यात दौलतचे ओठ आपसूक तिच्याबरोबर हलू लागले होते.

वहिनी कप घेऊन दारात उभ्या होत्या.

“वहिनी,” त्याने मान न वळवता विचारले, “ही पेटी घेऊन तो कुठे जायचा?”

“खोपटला, तुमच्या दवाखान्यात. रोज. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले होते.” त्यांनी कप टेबलावर ठेवला. “मी म्हणायची, अहो, यंत्रात भरून घ्या आणि ते ऐकवा, ही झिजून जाईल. तर म्हणायचे, कॉपी लावली तर दौल्या उठायचा नाही. त्याला लगेच कळतं.”