हंगामी मंडळी

शहरातल्या धर्मप्रांताच्या कचेरीत बसून ज्यांनी हा हुकूम काढला, त्यांना रविवारी ट्रे धरावा लागत नाही. आरोग्याचं नाव पुढे केलं त्यांनी. ऊसतोडीहून परतलेल्यांनी प्रभुभोजनाला द्राक्षरसाच्या चांदीच्या प्याल्याला तोंड लावायचं नाही, त्यांना वेगळ्या ट्रेमधून प्लास्टिकचे छोटे ग्लास. कागदावर शब्द घातला, ‘हंगामी मंडळी’. आजार बघून नव्हे, माणूस बघून भांडं ठरवलं.

पाथर्डीकडच्या या चर्चमध्ये ट्रे धरतात अब्राहाम मास्तर. चर्चचे पंच. हुकूम वाचून दाखवला तेव्हा होकाराचा हात वर करणाऱ्यांत तेही होते.

आज दोघांचं दृढीकरण होतं, सगळ्यांसमोर विश्वास कबूल करून मंडळीत सामील व्हायचा विधी. मास्तरांचा नातू सॅम, शहरातल्या सावेडीहून खास आलेला. आणि तोडणीवाल्या दयाची पोरगी प्रार्थना, कालच आईबरोबर श्रीगोंद्याच्या फडावरून उतरलेली. पाळकसाहेबांनी विचारलं, दोघांनी एका सुरात वचन दिलं आणि वेदीपुढच्या कठड्याशी शेजारी शेजारी गुडघे टेकले.

पाळकसाहेबांनी प्याला सॅमच्या ओठांना लावला, कड पुसली. प्रार्थनाने डोळे मिटून मान पुढे केली. पाळकसाहेब तिला वगळून पुढे सरकले.

मास्तरांनी ट्रे तिच्यापुढे धरला. 

“डोळे उघड, बाळ. हा घे.”

पोरीने ग्लास पाहिला. मग सॅमचे ओले ओठ.

“मास्तर, खोकल्याचं औषध हाय का काय ते?” मागून दया म्हणाली. “माजी पोरगी धडधाकट हाय.”

“नियम आहे, दया. वरून आलाय.”

“वरून म्हंजी देवाकडून?”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. सॅम आजोबांकडे बघत होता. मास्तरांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

प्रार्थनाने ग्लास घेतला नाही. ती उठलीही नाही. पाळकसाहेब कठड्याच्या टोकाला जाऊन तिथेच थांबले.

“मगाशी पाळकसायबांनी मला विचारलं,” ती मास्तरांना म्हणाली, “समद्यांम्होरं मी उत्तर दिलं. आता मी विचारते. मी ह्या मंडळीतली हाय का न्हाई?”

मास्तरांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं.

“तिकडं नका बघू. बोला की, मास्तर,” प्रार्थना म्हणाली.