गाळलेली ओळ
केसांना लावायच्या रंगाच्या कंपनीचं सोशल मीडियावरचं पेज ती सांभाळायची. प्रत्येक प्रश्नाला दहा मिनिटांत उत्तर द्यायची. लपवलेल्या जाहिराती मात्र पेजवर दिसत नसत. त्या फक्त निवडलेल्या बायकांच्या फोनवर जात. आज त्यातली एक जुनी बंद करायला तिने उघडली, तर खाली एकाच बाईचे प्रश्न पडून होते. “ताई, रंग लावल्यापासून पापण्या सुजल्यात, काय लावू?” “ताई, कोणी आहे का?” शेवटी, महिन्यापूर्वी, त्या बाईच्या मुलीने लिहिलेलं: “आईला उजव्या डोळ्याने दिसत नाही.” पेज सांभाळणारीने टेबलावरची रंगाची बाटली फिरवली. मागे छापलं होतं: ‘आधी कानामागे लावून पाहा.’ जागा पुरेना म्हणून जाहिरातीतून ही ओळ तिनेच गाळली होती. “अगं, उडवून टाक,” मागून साहेब म्हणाले. “झाकली मूठ सव्वा लाखाची.” तिने जाहिरात प्रश्नांसकट पेजवर सगळ्यांसमोर आणली आणि खाली लिहिलं, “ताई, कानामागे लावून पाहायची सूचना मी गाळली.”