मधलं कोरं पान

“मला काही आठवत नाही,” लांजांग पुन्हा म्हणाला.

सेंदीला हे उत्तर पाठ झालं होतं. चार दिवसांपूर्वी मगरीनं दोघा भावांची होडी उलटवली. तिचा नवरा, उंगात, त्यात मेला. धाकटा दीर लांजांग वाचला. मधे काय घडलं, ते म्हणे त्याला आठवत नव्हतं.

लांबघराच्या सामाईक ओसरीवर सगळी बिऱ्हाडं चटया टाकून बसली होती. सेंदीची मागणी एकच होती. भावाला टाकून पळालेला माणूस या छपराखाली नको. आज तुआई, म्हणजे घराचा मुखिया, निकाल देणार होता. लांजांगनं मान खाली घातली होती. नजर चोरतोय, असं सेंदीनं शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

दवाखान्यातली नर्स रुथ त्याच्या मांडीची पट्टी बदलायला आली होती. तुआईनं तिलाच विचारलं, असं विसरता येतं का? येतं, रुथ म्हणाली. फार मोठ्या भीतीत मेंदू आपली आपणच अफू तयार करतो. त्या वेळी जखम जाणवत नाही, आणि कधीकधी आठवणही उमटत नाही. सगळ्यांचं सारखं होत नाही. कुणाला सगळं लख्ख आठवतं, कुणाच्या वहीतलं मधलंच पान कोरं राहतं.

“बरी सोयीची अफू आहे,” सेंदी म्हणाली. “मी पण तिथंच होते. मला कसं सगळं आठवतं?”

दोघीतिघी हसल्या. रुथनं तिला सगळं क्रमानं सांगायला सांगितलं. सेंदीनं सांगितलं. बाकी सगळे डोंगरावर भाताच्या शेतात गेले होते. ती एकटीच खाली भात कांडत होती. ओरडणं ऐकलं, नदीच्या धक्क्याकडे धावली. हा चिखलात पडला होता.

रुथनं विचारलं, याला पाण्यातून बाहेर कुणी काढलं?

“आला असेल आपला आपण.”

“या पायानं?”

सेंदी बोलायला गेली. धक्का आठवत होता, चिखल आठवत होता. मधलं काहीच नव्हतं.

रुथनं तिचे हात उलटे केले. दोन्ही तळव्यांवर आडव्या खपल्या होत्या. मुसळानं सोललं असेल, सेंदी पुटपुटली. मुसळानं घट्टे पडतात, रुथ म्हणाली, हे दोरानं कापलंय.

“सिस्टर, पुरे झालं,” लांजांग म्हणाला. “वहिनीचे हात सोडा.”

सेंदीनं त्याच्याकडे पाहिलं. विसरलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. त्याला सगळं आठवत होतं. चार दिवस तो खोटं बोलत होता, आणि कुणासाठी, तेही तिला आता कळलं.

“दोर एकच होता,” ती हळूच म्हणाली. “आणि पाण्यात तुम्ही दोघं.”

लांजांगनं मान वर केली.

“दादाच ओरडला, वहिनी. आधी लांजांगला ओढ, म्हणाला.”

चार दिवसांत पहिल्यांदाच सेंदीनं विचारलं नाही, हे खरं कशावरून.